पाण्याचा पैसा

डोंगा पाण्यात उतरायच्या आधीच मी त्याचे सगळे पैसे देऊन टाकले. माझ्या मानेवर कोणी सुरी ठेवली नव्हती, मला कोणी भांग पाजली नव्हती. एकोणीस वर्षांचा धडधाकट मी, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर, आठ आण्यांच्या स्टँपावर सुंदर अक्षरात करारनामा लिहून हे काम केलं. वर त्या अक्षराकडे मान वाकडी करून दोनदा पाहिलंसुद्धा.

आमचं घर पूर्णेच्या घाटावर. घर म्हणजे चढावर तीन खोल्या, पुढे कडूनिंब, आणि निंबाखाली बाची बाज. आम्ही भोई, पावसाळ्याचे चार महिने या काठाची माणसं त्या काठाला पोचवायची, बाकीचे आठ महिने मासे आणि वाळूत लावलेल्या टरबूज-खरबुजांची डांगरवाडी. पावसाळ्यात आमच्या घरात कोणी सरळ जेवलंय असं मला आठवत नाही. कळण्याची भाकर आणि झिंग्याचं कालवण ताटात पडलं, की पलीकडून कोणीतरी हाळी देणारच. माय चुलीपुढून न उठता सांगायची, हा कापूसवाला शेठ आहे, याला बसू द्या थोडं. ही बाळंतिणीकडची हाळी आहे, उठा. तिचा अंदाज कधी चुकला नाही. नदी फुगलेली असली की आवाज पाण्यावरून तुटत तुटत येत असे, तरी तिला कळायचं. आज मला समोर बसलेल्या माणसाचं बोलणं नीट ऐकू येत नाही, आणि सूनबाई म्हणते की तुम्ही मुद्दामच ऐकत नाही. थोडं खरं आहे ते.

या घराण्यात मी पहिला फायनल पास झालेला. त्याचा परिणाम असा झाला, की वल्हं मारताना माझ्या हाताला फोड यायचे आणि ते मी लोकांना दाखवायचो. बाला माझ्या शिक्षणाचं कौतुक होतं की नाही, हे शेवटपर्यंत समजलं नाही. पण आत्याला होतं. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण. सासरी पटलं नाही तशी आमच्याकडेच राहायला आली. तिच्या लेखी वऱ्हाडात माझ्याएवढा शहाणा दुसरा नव्हता. पोस्टमन पत्र घेऊन आला तरी ती त्याला म्हणे, थांब, आमचा किसन्या वाचून सांगते तुले खरं काय ते.

त्या वर्षी आमचा जुना डोंगा बुडाशी इतका कुजला होता, की बाने त्यात बोट घातलं तर बोट पलीकडे निघालं. घाटाचा लिलाव मात्र बाने घेऊन ठेवलेला. तहशिलीची अट अशी, की पावसाळी हंगामात ठरल्या दिवशी कारकून येऊन डोंगा पाहणार, मगच पट्टा हाती देणार. डोंगा उभा नसेल तर अनामत जप्त आणि घाट दुसऱ्या बोलीवाल्याला. घाट गेला की आमचं वर्षच गेलं, एवढी साधी गोष्ट. म्हणून उन्हाळ्यातच नवा डोंगा सांगितला होता, वरच्या अंगाला आठ कोसांवर, रहमान मिस्त्रीकडे. सातपुड्यातल्या सागाच्या गाड्या त्याच्या काठापर्यंत यायच्या.

डोंगा विकत घेण्याची आमच्याकडे एक रीत होती, आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. पैसा तीन वाट्यांत जायचा. पहिला लाकडाचा पैसा, तो साग आणायला. दुसरा जोडाचा पैसा, फळ्या बसल्या की. आणि तिसरा पाण्याचा पैसा. नवा डोंगा पाण्यात घातला की तो पहिले तीन दिवस गळतो. फळ्या पाणी पितात, फुगतात, आणि सांधे आपोआप बंद होतात. बंद झाले तर. म्हणून मिस्त्रीने डोंगा स्वतः घेणाऱ्याच्या घाटावर आणून द्यायचा, तीन दिवस तिथेच राहायचं, घेणाऱ्याच्या घरचं खायचं, आणि डोंगा गळायचा थांबला की मग पाण्याचा पैसा आणि एक धोतर घेऊन घरी जायचं. तोवर डोंगा मिस्त्रीचा. फुटला, चिरला, वाहून गेला, तरी मिस्त्रीचाच. दीडशे रुपयांचा डोंगा. तिसरे पन्नास आत्याचे होते. तिने आपले चांदीचे गोट मोडून ते दिले होते आणि आपल्याच पेटीत ठेवले होते. सगळ्यात शेवटी लागणारे, म्हणून सगळ्यात सुरक्षित.

जोडाचा पैसा द्यायच्या वेळेला बाच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय डांगरासारखा सुजला. तेव्हा मी गेलो. मिस्त्रीच्या अंगणात फळ्या जुळवलेला डोंगा उताणा पडलेला होता, पोटात सागाचा भुसा, आणि सगळीकडे राळ आणि अळशीच्या तेलाचा वास. मिस्त्री हा पन्नाशीचा, बुटका, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. बोलताना रंधा थांबवायचा नाही. त्याने मला गुळाचा चहा पाजला, माझ्या शिक्षणाची चौकशी केली, आणि मग सहज म्हणाला, की मुलीचं लग्न काढलं आहे. पाण्याचा पैसा आत्ताच मिळाला तर दहा रुपये सोडतो.

दहा रुपये. आमच्या घराण्यात आजवर कोणी डोंग्याच्या भावात चार आणे सुद्धा कमी करून घेतले नव्हते. मला वाटलं, हे अडाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या फसत आले आहेत, कारण यांना कागद माहीत नाही. मी आठ कोस घरी आलो, बा झोपलेला पाहून आत्याला सगळं समजावलं, आणि तिने पेटीची किल्ली काढून दिली. तिला मी काय सांगितलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हणालो, "आत्या, रीत तोंडी असते. कागद पक्का असते."

मग परत आठ कोस जाऊन तो कागद. मिस्त्री पैसे घेऊन डोंगा दुसऱ्यालाच विकेल, एवढी एकच भीती मला सुचली होती. तेव्हा तिचा बंदोबस्त म्हणून मी लिहिलं, की आजपासून सदरहू डोंगा लिहून घेणार यांच्या पूर्ण मालकीचा झाला असून. लिहून घेणार म्हणजे आम्ही. इथपर्यंत ठीक होतं. पण वाक्य मला थोडं लहान वाटलं. शाळेत गुरुजी म्हणायचे, वाक्याला वजन पाहिजे. म्हणून मी पुढे लिहिलं, त्याची सर्व प्रकारची जबाबदारीही लिहून घेणार यांचेवर राहील. मिस्त्रीला वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा तो रंधा थांबवून म्हणाला, "वा. कोर्टासारखं वाटून राह्यलं." दोन साक्षीदारांचे अंगठे झाले, आणि एक प्रत त्याची, एक माझी. निघताना उत्साहाच्या भरात मी त्याच्याकडचा सफेदा आणि कुंचला मागून घेतला आणि डोंग्याच्या नाकाडावर दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत बाचं नाव लिहिलं, सखाराम भोई. बाला गंमत वाटावी म्हणून.

वाचलेल्या दहा रुपयांत मी आत्याला हिरवं लुगडं घेतलं, स्वतःला काळी टोपी घेतली, आणि उरलेल्यांचं काय केलं ते विचारू नका. बाला फक्त एवढंच सांगितलं, की मिस्त्री पंधरा दिवसांत डोंगा आणतो. मनात होतं, डोंगा आला की सगळ्यांसमोर कागद काढायचा.

आता माझ्या नातवाने पुण्यात जागा घेतली आहे. इमारत अजून जमिनीच्या वर आलेली नाही, पण याने पैसे भरले, आणि पेढे घेऊन मला सांगायला आला. मी विचारलं, किती दिले? तो म्हणाला, सगळेच, आजोबा, सूट मिळाली. मी पेढा खाल्ला. या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही.

पंधरा दिवस झाले, मिस्त्री आला नाही. विसावा दिवस झाला. निरोप पाठवला तर उत्तर आलं, की थोडी राळ भरायची राहिली आहे, येतोच. मग वर कुठेतरी मोठा पाऊस झाला असावा, कारण आमच्याकडे ऊन पडलेलं असताना एका सकाळी पूर्णा तांबडी होऊन फुगली. अख्खं गाव काठावर जमलं. पुरात काय काय येतं ते पाहायची आमच्याकडे जत्रेसारखी हौस. कडब्याच्या पेंढ्या, पाळणा, एकदा तर जिवंत कोंबडा बसलेली खाट आली होती. बा लंगडत येऊन बाजेवर बसला. मी नवी टोपी घालून उभा होतो. आत्या हिरवं लुगडं नेसून माझ्याशेजारी.

तेवढ्यात वळणावरून एक डोंगा आला. रिकामा, कोरा, सागाचा पिवळा रंग अजून तसाच. गिरकी घेत घेत, अगदी ऐटीत, मधल्या धारेने.

लोक हळहळले. बा बाजेवरून अर्धा उठला आणि म्हणाला, "अरेरे. कोन्या गरिबाचा गेला बे. कोरा करकरीत हाय." मग डोळ्यांवर हात धरून पाहत तो म्हणाला, "नाकाडावर काई लिवलेलं दिसते. किसन्या, वाच बरं."

त्या काठावर साठ-सत्तर माणसं असतील, आणि वाचता येणारा मी एकटा. डोंगा आमच्या घाटासमोर आला आणि तिथेच भोवऱ्यात अडकून एक सावकाश गिरकी त्याने घेतली. आधी हे अंग दाखवलं, मग ते. अक्षर चांगलं होतं, त्यात वाद नाही. मी म्हणालो, पुसट आहे, नीट लागत नाही. बा म्हणाला, हातभर तर अक्षर आहे. मग मी वाचलं.

बा पुन्हा बाजेवर टेकला. मग त्याचा चेहरा जरासा सैल झाला. "मिस्त्रीचं मोठं नुकसान झालं," तो म्हणाला. "बिचारा. पन आपल्याले काई भेव नाई. पान्याचा पैसा आपल्यापाशी हाय. त्याले दुसरा द्याच लागन."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. डोंगा पुढच्या वळणाला दिसेनासा झाला.

घरी निंबाखाली मी सगळं सांगितलं, तेव्हा बाने मला तो कागद तीनदा वाचायला लावला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्यांदा जबाबदारीच्या वाक्याशी आलो तेव्हा त्याने हाताने थांबवलं आणि विचारलं, हे वाक्य मिस्त्रीने घालायला लावलं का? मी म्हणालो, नाही, मीच घातलं. काऊन? मी म्हणालो, शोभत होतं. यावर माय चुलीपाशी हसली, आणि मग तिला हसल्याचं इतकं वाईट वाटलं, की तिने मला आणखी एक भाकर वाढली. आत्या मात्र जेवली नाही. ती लुगडं बदलून जुनं पातळ नेसून आली आणि हिरव्याची घडी करून पेटीत ठेवली. 

दुसऱ्या दिवशी रहमान मिस्त्री चालत आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्यावर हत्यारांची थैली, टोपीत घडी घातलेली त्याची प्रत. कागदात काय आहे ते त्याने पूर येऊन गेल्यावर गावच्या मास्तरकडून वाचून घेतलं होतं. बाने त्याला आधी पाणी दिलं, भाकर दिली, आणि मग विचारलं, की डोंगा किती दोरांनी बांधला होता.

"एका," मिस्त्री म्हणाला. त्याने खोटं बोलायचा प्रयत्नच केला नाही. "खरं सांगतो, सखारामभाऊ. पैसा बाकी राह्यला असता तं मी चार दोर बांधले असते न पोराइले पाह्यऱ्यावर बसवलं असतं. पैसा पुरा भेटला की हात थंडा होते. मी बी मानूसच हाओ."

बा म्हणाला, "म्हनूनच तं रीत हाय."

दोघांनी मान हलवली. मी तिथे बसलेलो होतो, पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. कारकून यायला पाच दिवस होते.

मिस्त्री धरून आम्ही सातजण काठाकाठाने निघालो; बा चुलतभावाच्या बैलगाडीत. तिसऱ्या कोसावर डोंगा सापडला. पूर ओसरताना तो एका वावरात, दोन बाभळींच्या मधोमध, छातीएवढ्या उंचीवर अडकून बसला होता, आणि वावराच्या मालकाने त्याच्या खाली सावलीला वासरू बांधलं होतं. एक फळी चिरली होती, बाकी धड. मिस्त्रीने बुडावर हात फिरवला आणि मोठ्याने अल्लाचं नाव घेतलं. बाने विठ्ठलाचं घेतलं. मी खिशात हात घातला.

कारण मालक, एक उंच, तिरसट शेतकरी, पुढे येऊन म्हणत होता की माझ्या वावरात आलं ते माझं. आता माझी वेळ आली होती. मी कागद काढला आणि खणखणीत आवाजात मालकीचं वाक्य वाचलं. आवाज लागला होता, ओघ होता, आणि त्या ओघात मी जबाबदारीचंही वाचून टाकलं.

शेतकऱ्याने मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग वळून वावर दाखवलं. डोंगा बाभळीत येऊन बसण्याआधी पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, कोवळ्या ओळींवरून भरपूर फिरला होता. "मंग ह्या पराटीची जबाबदारी बी तुमचीच ना," तो म्हणाला. "भरून द्या न घेऊन जा."

बाने माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या केल्या, आणि आपल्या कमरेला खोचला. नंतर तो कागद मला कधी दिसला नाही. पुढचं सगळं तोंडीच झालं. शेतकऱ्याची तिफण मोडून पडली होती आणि त्याला पुन्हा पेरायचं होतं. मिस्त्रीने दुपारभरात तिफण नवी करून दिली, आम्ही सगळ्यांनी तेवढा तुकडा परत पेरून दिला, आणि संध्याकाळी त्याच माणसाने आम्हाला अंबाडीची भाजी आणि भाकरी घातल्या. डोंग्याच्या खालचं वासरू सोडताना तो जरा हिरमुसला होता. सावली चांगली होती, म्हणाला.

मिस्त्रीने चिरलेली फळी तिथेच वावरात बदलली, सांध्यांत चिंध्या आणि राळ ठोकली. निघायच्या आधी त्याने थैलीतून एक पुरचुंडी काढून बाच्या हातात दिली. लग्नाच्या खर्चातून उरलेले बत्तीस रुपये होते. बाने विचारलं, हे काय? तो म्हणाला, हे तुमच्यापाशीच राहू द्या, डोंगा पाणी पिऊन उठला की मला परत द्या. असं नसलं तर माझं मन लागणार नाही. बाने ते मोजले नाहीत. मला वाटतं, बत्तीस रुपयांनी त्या दोघांना त्याक्षणी जेवढं हलकं वाटलं, तेवढं दुसऱ्या कोणालाच कधी वाटलं नसेल.

मग तीन कोस वर, धारेच्या उलट. सहाजण काठावरून दोर ओढायचे, मिस्त्री आत वल्हं घेऊन. दोन दिवस लागले. माझ्या खांद्याची सालं निघाली, टोपी पहिल्याच ओढीत चिखलात गेली आणि मागच्या माणसाने तिच्यावर पाय देऊन पुढचं पाऊल भक्कम केलं. घाटावर पोचलो तर आत्या काठावर ताट घेऊन उभी होती. तिने डोंग्याला कुंकू लावलं, मिस्त्रीला लावलं, ओढणाऱ्या सगळ्यांना लावलं. माझ्यापाशी येऊन ती थांबली, माझ्या खांद्याकडे पाहिलं, आणि हळद आणायला घरात गेली.

दुसऱ्या सकाळी तहशिलीचा कारकून छत्री घेऊन आला. डोंगा घाटाला उभा होता, आणि रीतीप्रमाणे गळत होता. मिस्त्री नाकाडाशी मांडी घालून बसला होता, दर घटकेला सांध्यांवर बोट फिरवत. आणि मी बुडाशी, पोटरीभर पाण्यात, रॉकेलचा डबा घेऊन पाणी उपसत होतो, कारण ते काम कोणाला तरी करायचंच होतं आणि बाने कोणाला विचारलं नव्हतं. कारकुनाने पाण्याकडे संशयाने पाहिलं. बाने त्याला शांतपणे सांगितलं, की तीन दिवस पाणी पिईल, मग थांबेल. न थांबला तर हा मिस्त्री इथून हलणार नाही. मिस्त्रीने मान हलवली. कारकून त्यात बसून पलीकडे जाऊन आला, कोरडा परत आला, आणि त्याने पट्टा काढून बाजेवर पसरला. दौत ठेवली. विचारलं, सही कोण करणार?

मी डबा खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि काठावर चढायला पाय उचलला.

बाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तू पानी उपस," तो म्हणाला. "आंगठा मी लावतो."